कुत्र्याच्या पोटातले जंत: दवाखान्याच्या वट्ट्यावर रोज येणारे प्रश्न

मराठवाड्यात कुत्रं दारात असतं, शेतातल्या आखाड्यावर असतं, मेंढरांमागं असतं. लातूर-नांदेडच्या अपार्टमेंटात सोफ्यावर बसणारंही आता दिसतं. चौघांची राहणी वेगळी, पण पोटात निघतात ते जंत बहुतेक तेच. गुरं-शेळ्यांबरोबर कुत्री तपासता तपासता हे प्रश्न मला तोंडपाठ झालेत. ज्याला जेवढं हवं त्यानं तेवढंच वाचावं, मात्र घरी शेळ्या-मेंढ्या असतील त्यांनी कंदुरीचा प्रश्न सोडू नये.

पिल्लाच्या शीत शेवयांसारखं काहीतरी वळवळत होतं. ते काय?

गोलकृमी. रंगाला पांढुरके-पिवळट, दोन्ही टोकांना निमुळते. पूर्ण वाढलेली मादी १० ते १८ सेंटीमीटर लांब भरते. एकदा एक शेतकरी पाटीत पोतं अंथरून पाच पिल्लं घेऊन आले. पाचही जणांची पोटं नगाऱ्यासारखी टम्म, पाठीचे मणके मात्र बोटानं मोजावेत असे. टेबलावर ठेवल्या ठेवल्या एकानं उलटी केली आणि दुधाच्या गाठींबरोबर अशा जंतांचा गुंताच बाहेर पडला. "खातंय तर लई, अंगी काहून लागंना," एवढीच तक्रार घेऊन ते आले होते. पोट मोठं, अंग वाळलेलं, केस राठ, मधूनच खोकला असं पिल्लू दिसलं की गोलकृमी आहेत असंच धरून चालावं.

पिल्लू अजून आईच्या दुधावर आहे, अंगणाबाहेर गेलं नाही. मग जंत आले कुठून?

आईकडून, आणि तेही जन्माच्या आधी. मोठ्या कुत्रीच्या अंगात गेलेल्या गोलकृमीच्या अळ्या सगळ्याच आतड्यात वाढत नाहीत. बऱ्याचशा तिच्या स्नायूंत जाऊन नुसत्या पडून राहतात. तिथं औषध फारसं पोचत नाही आणि शी तपासून त्यांचा पत्ताही लागत नाही. कुत्री गाभण राहिली की साधारण ४२व्या दिवसानंतर या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लाच्या यकृतात शिरतात. जन्मानंतर त्या फुप्फुसात येतात, खोकल्याबरोबर घशाशी येऊन गिळल्या जातात आणि मग आतड्यात मुक्काम करतात. तो खोकला याचाच. उरलेल्या काही दुधातून येतात. पिल्लू तीन-चार आठवड्यांचं होतं तोवर त्याच्या पोटातले जंत अंडी घालायला लागलेले असतात. म्हणजे पिल्लाच्या सातबाऱ्यावर बोजा जन्मतःच चढलेला असतो. पिल्लू कितीही स्वच्छ जागी ठेवलं तरी औषध चुकत नाही ते यामुळेच.

मग औषध कधीपासून आणि कितीदा?

पंधराव्या दिवसापासून. दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा आणि नंतर आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. पिल्लांना देताना त्याच दिवशी आईलाही द्यायचं.

हे शेवटचं वाक्य मी स्वतः चूक करून शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका आखाड्यावरच्या सहा पिल्लांना सिरप पाजलं आणि खुशीत घरी आलो. आईला काही दिलं नाही, कारण ती तगडी दिसत होती. तीन आठवड्यांत तीच सहा पोटं पुन्हा फुगून समोर. कुत्री पिल्लांना चाटून साफ करते, त्यांची शी खाते, आणि त्यातून पोटात गेलेले जंत पुन्हा अंडी टाकायला लागतात. पिल्लांचं औषध वाया गेलं नव्हतं, अर्धवट झालं होतं.

मोठ्या कुत्र्याची तारीख लक्षात राहत नाही, ही तक्रार सगळ्यांचीच. माझी युक्ती अशी. शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या आसपास राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो, लेकरं गोळी खाऊन येतात. त्याच दिवशी कुत्र्याचंही उरकायचं आणि मधल्या मे-नोव्हेंबरात एकेकदा. झाले वर्षाचे चार डोस.

मग शाळेतली तीच गोळी कुत्र्याला चालेल का?

नाही. ती अल्बेंडाझोल असते आणि माणसाच्या लेकरांच्या हिशेबानं बनवलेली असते. कुत्र्यांत अल्बेंडाझोलनं रक्त तयार करणाऱ्या हाडातल्या मगजाला इजा झाल्याचं पाहण्यात आलेलं आहे, म्हणून त्याच्यासाठी ती पहिल्या पसंतीची नाही. मी फक्त तारीख उसनी घ्यायला सांगितली.

गूळ, पेढे, गोड खाल्ल्यानं जंत होतात, असं आमची आजी म्हणते.

आजी इतर गोष्टींत बरोबर असतील. जंत होतात ते अंडी किंवा अळ्या पोटात गेल्यानं, नाहीतर कातडीतून शिरल्यानं. गोडामुळे कुत्रं लठ्ठ होईल, हगवण लागेल, जंत होणार नाहीत.

शी डांबरासारखी काळी आहे आणि कुत्रं मलूल पडलंय. जंत दिसत तर नाहीत.

हे अंकुशकृमीचं लक्षण असू शकतं आणि मला गोलकृमीपेक्षा याचीच धास्ती जास्त वाटते. लांबीला जेमतेम एक ते दोन सेंटीमीटर, दोऱ्याच्या तुकड्याएवढे. तोंडातल्या दातांनी आतड्याच्या भिंतीला चिकटतात आणि रक्त पितात. जागा बदलली की जुन्या जखमेतून रक्त झिरपत राहतं. पचलेलं रक्त काळं होतं, म्हणून शी डांबरासारखी. लहान पिल्लात असे शे-दोनशे जंत असले तर काही दिवसांत पिल्लू दगावतं, पोट न फुगता, जंत न दिसता.

घरी बघायची खूण सोपी आहे. ओठ वर करा आणि हिरडीचा रंग बघा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडून दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मुळातच हिरडी चुन्यासारखी पांढरी असेल तर गोळीच्या नादात दिवस घालवू नका, सरळ दवाखाना गाठा. तिथं कधी कधी आधी रक्त चढवावं लागतं, जंताचं औषध त्यानंतर.

हे जंत तोंडावाटे तर जातातच, शिवाय ओल्या मातीतल्या अळ्या पंजाच्या आणि पोटाच्या कातडीतूनही शिरतात. पिल्लांना आईच्या दुधातून मिळतात.

शेपटीखाली तांदळाचे दाणे चिकटल्यासारखे दिसतात.

हा पट्टकृमी. लांब फितीसारखा जंत, ज्याचे तुकडे तुटून बाहेर येतात. ताजे असताना काकडीच्या बियांसारखे दिसतात आणि हळूहळू हलतात, वाळले की तिळासारखे होतात. झोपायच्या पोत्यावर सापडतात ते हेच.

याचा फेरा पिसवांतून जातो. तुकड्यातली अंडी पिसवांच्या अळ्या खातात, अळीची पिसू होते, कुत्रं अंग चावताना ती पिसू गिळतं आणि दोन-तीन आठवड्यांत नवा पट्टकृमी तयार. म्हणून नुसती गोळी देऊन पिसवा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तांदूळ. पोतं बदला किंवा उकळत्या पाण्यात टाकून कडक उन्हात वाळवा आणि त्याच आठवड्यात पिसवांचं औषधही करा. ते औषध कुत्र्याचंच हवं. कापसावर-तुरीवर फवारायचं कीटकनाशक बादलीत पातळ करून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आहेत, आणि त्या विषबाधेनं तोंडाला फेस आलेली कुत्री दर हंगामात येतात.

कंदुरीला बकरं कापलं की आतडी-फुप्फुसं कुत्र्यालाच जातात. त्यात काय वाईट?

यात कुत्र्याचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं तुमचं.

बकरं कापल्यावर कधी कधी काळजावर किंवा फुप्फुसावर पाण्यानं भरलेले पांढरे फुगे दिसतात, लिंबाएवढे, कधी त्याहून मोठे. खाटीक तो भाग कापून बाजूला टाकतो, "हे माणसाला नको" म्हणतो आणि तिथंच घोटाळा होतो, कारण बाजूला कुत्रं बसलेलंच असतं. त्या फुग्यात एका वेगळ्या जातीच्या पट्टकृमीची असंख्य डोकी असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून हजारो जंत वाढतात. एकेक जंत फक्त दोन ते सात मिलिमीटरचा, त्यामुळे शीत डोळ्याला काही दिसत नाही. कुत्रं खातं-पितं, भुंकतं, शेपटी हलवतं. साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या शीतून अंडी पडायला लागतात. ती गवतावर पडतात, शेळी ते गवत खाते आणि तिच्या काळजावर फुगे धरतात. हा झाला त्या जंताचा नेहमीचा फेरा.

माणूस यात मध्येच सापडतो. ही अंडी शीतून पडल्या क्षणापासून लागण करू शकतात आणि कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. कुत्र्याला कुरवाळून तसाच भाकरीला हात लावला किंवा न धुतलेली भाजी कच्ची खाल्ली की ती पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तसाच पाण्याचा गोळा वर्षानुवर्षं वाढत राहतो. दुखायला लागून सोनोग्राफी केली तेव्हा कळतं आणि बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. याला हायडाटिड म्हणतात. ज्या धाराशिवची उस्मानाबादी शेळी देशभर ओळखली जाते, जिथं गावोगाव जत्रा-कंदुरीला बकरी कापली जातात, तिथं हे प्रत्येक कुत्रेवाल्याला ठाऊक असायला हवं.

उपाय अवघड नाही. फुगे असलेला भाग जाळा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. बाकीचं काळीज-फुप्फुस द्यायचंच तर अर्धा-पाऊण तास खळखळ उकळून द्या. मेंढरांमागची आणि खाटकाच्या दुकानाजवळची कुत्री असतील तर त्यांना तीन महिने थांबून चालत नाही, प्राझिक्वांटेल हे पट्टकृमीचं औषध दर सहा आठवड्यांनी द्यावं लागतं. आणि कुत्र्याला हात लावल्यावर साबण.

कुत्रं ढुंगण जमिनीला घासत चालतं. जंतच ना?

क्वचित. बहुतेकदा गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंच्या छोट्या पिशव्या तुंबलेल्या असतात. त्या दाबून रिकाम्या कराव्या लागतात. उगाच गोळ्यांवर गोळ्या देऊ नका.

कोणती गोळी द्यावी?

आधी वजन, मग गोळी. अंदाजे "पंधराएक किलो असंल" म्हणून आणलेलं कुत्रं काट्यावर नऊ किलो भरलेलं मी पाहिलंय आणि बावीसही. घरी वजनकाटा असेल तर कुत्र्याला उचलून उभे राहा, मग एकट्याचं वजन करून वजा करा. गावात भुसार दुकानाचा काटा आहेच. तिथं कुत्रं स्थिर बसलं तर तुमचं नशीब.

दुकानांत सर्रास मिळणाऱ्या एकत्रित गोळीत साधारण ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल, १४४ मिलिग्रॅम पायरँटेल आणि १५० मिलिग्रॅम फेबँटेल असतं. ही दहा किलोला एक. प्राझिक्वांटेल पट्टकृमीसाठी, बाकीची दोन गोल, अंकुश आणि मोठ्या आतड्यात राहणाऱ्या चाबूककृमीसाठी. मोठ्या जातींसाठी याच नावाची जास्त ताकदीची गोळीही येते, तेव्हा पाकिटावरचे आकडे वाचल्याशिवाय "एक द्या" म्हणू नका. लहान पिल्लांना सिरप बरं, पण ते बाटली हलवून आणि सुईविना सिरिंजनं मोजून द्यायचं. चमच्याचा अंदाज चालत नाही.

उपाशी ठेवायची किंवा नंतर एरंडेल पाजायची गरज नाही. ती जुन्या औषधांच्या काळातली रीत.

बैलाचं इंजेक्शन घरात शिल्लक आहे. त्यातलंच थोडं टोचलं तर?

यावर मी रागावतो, आधीच सांगतो. गुरांना टोचायच्या एक टक्का आयव्हरमेक्टिनच्या १ मिलीत १० मिलिग्रॅम औषध असतं, आणि तो ५० किलो वजनाच्या जनावराचा डोस आहे. एका शेतवस्तीवर कुणीतरी आठ किलोच्या कुत्र्याला अडीच मिली टोचलं होतं. माझ्याकडे आणलं तेव्हा बुबुळं वाटोळी विस्फारलेली, लाळ गळतेय, पाय लटपटतायत, भिंतीवर जाऊन आदळतंय, कारण दिसायचंच बंद झालेलं. या विषाला उतारा नाही. सलाईन लावून वाट बघायची. ते वाचलं, पण पाच दिवस लागले.

कोली या जातीच्या आणि तिच्या संकराच्या अनेक कुत्र्यांत तर एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत सहज शिरतं आणि त्यांना एरवी चालणारा डोसही बाधतो. आयव्हरमेक्टिन वाईट औषध नाही, त्याच्या शोधासाठी २०१५ साली नोबेल मिळालंय. पण कुत्र्याला ते कधी आणि किती द्यायचं, हे टोचणाऱ्यानं नाही, तपासणाऱ्यानं ठरवायचं.

लसूण, कडुनिंब, वावडिंग, तंबाखूचं पाणी?

लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. अंकुशकृमीनं आधीच रक्त कमी झालेल्या पिल्लाला तो देणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तंबाखू सरळ विष. कडुनिंब-वावडिंगानं एखादा जंत पडलाही असेल, पण त्यांच्या भरवशावर पिल्लू सोडण्यासारखी खात्री त्यांत नाही.

गोळी दिली, पण काहीच पडलं नाही. गोळी नकली होती का?

असं नसतं. पट्टकृमी मेल्यावर बऱ्याचदा आतड्यातच पचून जातो. अंकुशकृमी इतके बारीक की शीत कुणी शोधत नाही. शिवाय दर तीन महिन्यांनी नियमानं दिलंत तर पडायला फार काही उरतच नाही. उलट पहिल्या डोसनंतर गुंतेच्या गुंते पडले तर घाबरू नका, पण पिल्लाचं पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत असं दिसलं तर आणा. खूप जंत एकदम मेले की आतडं तुंबू शकतं.

शी तपासून घ्यायची तर कशी आणायची?

त्या दिवसाची ताजी, चमचाभर, झाकणाच्या स्वच्छ डबीत. कागदात गुंडाळून, गुटख्याच्या पुडीत, कालची वाळलेली, आणि एकदा तर नुसता मोबाइलमधला फोटो, असं सगळं माझ्यापुढं आलेलं आहे. फोटोत अंडी दिसत नाहीत.

आम्ही करतो ते असं. मीठ विरघळायचं थांबेपर्यंत पाण्यात मीठ घालायचं, त्यात शी कालवून गाळायची आणि नळीत काठोकाठ भरून वर काचेची चकती ठेवायची. अंडी हलकी असतात, दहा-पंधरा मिनिटांत तरंगून काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली गोलकृमीचं अंडं गोल, जाड सालीचं, वर बारीक खळगे. जालन्याच्या मोसंबीची साल आठवावी तसं. अंकुशकृमीचं लांबट, पातळ सालीचं, आत पेशींचा घोस. चाबूककृमीचं ढोलकीसारखं, दोन्ही तोंडांना बूच लावलेलं. हा चाबूककृमी लबाड आहे. मोठ्या आतड्यात राहतो, अंडी मोजकी आणि थांबून-थांबून टाकतो, तपासणीत सुटतो. शेवटाला शेंबूड-रक्ताची शी येणाऱ्या मोठ्या कुत्र्याला म्हणूनच अहवाल स्वच्छ आला तरी आम्ही फेनबेंडाझोल तीन दिवस देतो.

पट्टकृमीची अंडी तुकड्यात बंद असल्यानं या परीक्षेत बऱ्याचदा येतच नाहीत. तिथं तुमचे डोळे जास्त कामाचे. जवळच्या दवाखान्यात सोय नसेल तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

जंताचं औषध दोनदा झालं तरी पातळ, वास मारणारी शी थांबत नाही.

मग ते बहुधा जंत नाहीत, जिआर्डिया किंवा कॉक्सिडिया असे एकपेशीय परजीवी असतील. नेहमीच्या जंताच्या डोसानं ते जात नाहीत. एका जागी बरीच पिल्लं ठेवून विकणाऱ्यांकडून आणलेल्या पिल्लांत हे हमखास. तपासूनच औषध.

आणि दोन-चार महिन्यांच्या, लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण एकदम सुरू झाली तर "जंत असतील" म्हणून थांबू नका. तो पार्व्हो हा विषाणूचा आजार असू शकतो. त्यात रात्र गेली की पिल्लू जातं.

घरात रांगतं लेकरू आहे. कुत्रं ठेवावं की नाही?

ठेवा. कुत्र्याला डोस वेळेवर आणि अंगणातली शी रोजच्या रोज, या दोन गोष्टी पाळा. गोलकृमीचं अंडं शीतून पडल्यावर लगेच बाधत नाही, त्यात अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. शी रोज उचलली तर ते अंडं बाधण्याआधीच अंगणातून जातं. न उचललेल्या जागी ते मातीत मिसळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. मग माती खाणाऱ्या लेकराच्या पोटात अळ्या जातात, यकृतात, क्वचित डोळ्यात जाऊन बसतात. डोळ्यातली नजर कायमची अधू होऊ शकते.

घराचं काम चालू असताना दारात पडलेली वाळू हा माझ्या मते सगळ्यात धोक्याचा ढीग. कुत्र्यांना तिथं बसायला आवडतं, मांजरांना घाण करायला आणि पोरांना खेळायला. रात्री ताडपत्री टाका. ओल्या वाळूत अनवाणी खेळून पायावर खाजणारी नागमोडी लाल रेघ उमटली आणि रोज थोडी पुढं सरकली, तर ती कुत्र्याच्या अंकुशकृमीची अळी असते. लेकराला त्वचेच्या डॉक्टरला दाखवा.

अंगणात फिनेल टाकतो. तेवढं पुरेल?

वास जाईल. गोलकृमीच्या अंड्याची साल फिनेलला दाद देत नाही. शहाबादी फरशीवर उकळतं पाणी ओता, त्याचा उपयोग होतो. मातीच्या अंगणात उचलण्याला पर्याय नाही. खोऱ्यानं मातीच्या पातळ थरासकट उचला आणि खोल पुरा. उकिरड्यावर टाकू नका, कारण तेच खत पुढं मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात जातं.

आपल्याकडच्या हवामानाचा एक फायदा आहे. मे महिन्यातल्या बेचाळीस डिग्रीच्या उन्हात उघड्या, तापलेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या तग धरत नाहीत. पण कुत्रं तिथं बसतच नाही. ते बसतं रांजणाखाली, मोरीच्या सांडपाण्याजवळ, केळीच्या आळ्यात, जिथं बारा महिने ओल आणि सावली असते. अळ्याही नेमक्या तिथंच. ती जागा कोरडी करा, सांडपाण्याला वाट काढा, कुत्र्याला बाज नाहीतर फरशी द्या. पावसाळ्यात मात्र काळी माती दिवसेंदिवस ओल धरून ठेवते आणि सगळं अंगणच रांजणाखालच्या जागेसारखं होतं. म्हणून ऑगस्टचा डोस चुकवू नका.

गोचिडांमुळेही पोटात जंत होतात का?

पोटात नाही, रक्तात. गोचिडीच्या चाव्यातून एर्लिचिया आणि बबेसियासारखे सूक्ष्म जीव रक्तात जातात. ताप, खाणं सोडणं, पांढरी हिरडी, नाकातून रक्त, कधी लघवी गडद. हिरडी अंकुशकृमीनंही पांढरी होते आणि यानंही, म्हणून गोचीड असलेल्या कुत्र्याला नुसतं जंताचं देऊन वाट बघत बसू नका, रक्त तपासा. आपल्या भागात वर्षभरात मी जेवढे गोचीडतापाचे रुग्ण बघतो तेवढे दुसऱ्या कुठल्याच तापाचे नाही.

आणि हृदयातला जंत?

डासांतून पसरणारा हा जंत आपल्या देशात प्रामुख्यानं ईशान्येकडं आढळतो. तिकडून कुत्रं आणलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

लस आधी की जंताचं औषध आधी?

जमलं तर जंताचं औषध लसीच्या आठवडाभर आधी. नाही जमलं तर लस पुढं ढकलू नका, रेबीजची तर मुळीच नाही.

कुत्री गाभण आहे. औषध दिलं तर चालेल?

चालतं, फक्त कोणतं आणि कधी ते डॉक्टरांकडूनच ठरवा. शेवटच्या तीन आठवड्यांत आणि व्यायल्यावर दोन दिवस रोज फेनबेंडाझोल दिलं तर पिल्लांत उतरणाऱ्या अळ्या बऱ्याच कमी होतात. शून्य होत नाहीत, त्यामुळे पिल्लांचा पंधराव्या दिवसाचा डोस तसाच राहतो.

गल्लीतल्या कुत्र्यांना गोळी कशी चारायची? आमचं घरचंच खात नाही.

ज्वारीच्या भाकरीच्या कुस्करात टाकली तर कुत्रं भाकरी खातं आणि गोळी कडेला ठेवतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सल्लाच देत नाही. उकडलेल्या अंड्याचा तुकडा किंवा पनीरचा गोळा बरा. आधी एक बिनगोळीचा टाका, मग गोळीचा, आणि तो तोंडात असतानाच तिसरा दाखवा, म्हणजे घाईनं गिळतं. गल्लीत एकेकाला वेगळं बोलावून द्या, नाहीतर दांडगं कुत्रं चौघांच्या गोळ्या एकटं खातं. घरच्याला तोंड उघडून जिभेच्या मुळाशी ठेवायची, तोंड मिटून गळ्यावरून हात फिरवायचा. नाक चाटलं की गिळली समजा. तरी दोन मिनिटं नजर ठेवा. ओसरीच्या कोपऱ्यात झाडताना ओली गोळी सापडते.